डिस्क नवी, बिघाड जुनाच

‘दुसऱ्यांदा नवी हार्ड डिस्क घातली, तीही दोन महिन्यांत गेली. आता कंपनी बदलून बघू का?’

घरी चार-सहा डिस्कांचा संच लावून त्यावर फोटो, चित्रपट, कामाच्या फाइल ठेवणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. दुकानातलं उत्तरही ठरलेलं असतं: ती कंपनी सोडा, ही घ्या. घेतली जाते, आणि काही आठवड्यांनी पडद्यावर तोच लाल इशारा पुन्हा येतो.

घरातला बल्ब एकाच खोलीत सारखा उडायला लागला, तर दोन-तीन बल्ब वाया गेल्यावर आपण बल्बच्या कंपनीला दोष देणं थांबवतो आणि होल्डर उघडून बघतो. डिस्कच्या बाबतीतही तेच करायचं असतं. एक डिस्क एकदा गेली, तर दोष बहुधा डिस्कचा. एकाच जागी पुन्हा पुन्हा जात असेल, तर डिस्क बदलताना जे जे बदललं नाही, ते आधी तपासायचं. ते कसं तपासायचं, हे क्रमाने पाहू.

१. एक डिस्क गेली तरी माहिती कशी वाचते?

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त छोट्या डिस्क एकत्र चालवाव्यात, अशी ती कल्पना. अडचण उघड होती: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जागा जादा माहितीसाठी राखून ठेवायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांवरून पुन्हा काढता येईल. या रचनेला ‘रेड’ म्हणतात.

रेडचे प्रकार आहेत. ‘रेड १’मध्ये दोन डिस्कांवर तीच माहिती दोनदा लिहिली जाते. घरी बऱ्याचदा आढळणाऱ्या ‘रेड ५’मध्ये मात्र प्रत ठेवत नाहीत, ताळा ठेवतात. समजा, तीन डिस्कांवर एका जागी १, १, १ हे अंक आहेत. नियम असा, की चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा, ज्यामुळे एकूण ‘१’ ची संख्या सम होईल. इथे तीन ‘१’ आहेत, म्हणून चौथा अंकही १. आता दुसरी डिस्क गेली. उरले १, १, १, म्हणजे विषम. याचा अर्थ हरवलेला अंक १ होता. हाच हिशेब अब्जावधी वेळा केला, की नव्या डिस्कवर जुनी डिस्क जशीच्या तशी उभी राहते. या कामाला पुनर्बांधणी म्हणू. ‘रेड ५’ एक डिस्क गेलेली सोसतं, ‘रेड ६’ दोन. प्रत्यक्षात ताळ्याचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर वाटलेले असतात, पण तत्त्व हेच.

२. ‘फेल’ म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर ‘डिस्क फेल’ असं आलं, की डिस्क मेली असं आपण धरतो. खरं तर त्या शब्दाचा अर्थ एवढाच असतो, की संच चालवणाऱ्या प्रोग्रामने तिला संचाबाहेर काढलं. तिने ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं उत्तर दिलं, एवढं या प्रोग्रामला कळतं. उत्तर का आलं नाही, हे त्याला कळत नाही. डिस्क खराब असेल, केबल सैल असेल, क्षणभर वीज कमी पडली असेल. तिन्ही वेळा निकाल एकच.

यात वेळेची एक गंमत आहे. एखादा भाग वाचता आला नाही, की साध्या डेस्कटॉप संगणकासाठी बनवलेली डिस्क चिवटपणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिट-दोन मिनिटंही. एकट्या डिस्कसाठी हा गुणच आहे, कारण तिथे दुसरी प्रत नसते. लिनक्स मात्र डिस्कच्या उत्तराची नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंद वाट पाहतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर डिस्कशी असलेला दुवा तोडून पुन्हा जोडतं. तरीही जमलं नाही, तर डिस्क बाहेर. एका वाचता न आलेल्या कोपऱ्यासाठी संपूर्ण डिस्क मोडीत निघते.

संचासाठी बनवलेल्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानतात आणि ‘हा भाग वाचता येत नाही’ असं सरळ कळवतात. मग रेड तो भाग ताळ्यावरून काढून घेतं आणि काम पुढे चालू राहतं. डिस्कला ही मुदत पाळता येते का, हे ‘स्मार्टसीटीएल’ नावाच्या मोफत प्रोग्रामने पाहता येतं आणि बऱ्याच डिस्कांवर मुदत ठरवूनही देता येते. डिस्कला ती सोयच नसेल, तर लिनक्सची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर नेणं हा उपाय आहे. एक पैसाही न खर्चता सुटणारा हा बिघाड अनेक घरांत नव्या डिस्कांवर हजारो रुपये घालूनही सुटत नाही.

३. योगायोगाचं गणित

‘नशीबच खराब, लागोपाठ तीन डिस्क सदोष निघाल्या’ असं म्हणण्याआधी थोडा हिशेब करू. ‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकी कंपनी लाखो डिस्क चालवते आणि २०१३ पासूनच्या बिघाडांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्या अलीकडच्या आकड्यांनुसार वर्षाला साधारण एक ते दोन टक्के डिस्क बंद पडतात. आपण दीड टक्का धरू.

म्हणजे एका विशिष्ट जागेवरची डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता शंभरात दीड. तिच्या जागी आलेली दुसरीही वर्षाच्या आत जाण्याची शक्यता दीड टक्क्याचा दीड टक्का, म्हणजे दहा हजारांत सुमारे दोन. तिसरीही गेली, तर दहा लाखांत तीन-चार. हा ढोबळ हिशेब आहे. एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या डिस्क वाटेत एकत्र आपटल्या असतील, तर एकत्र बिघडूही शकतात. पण ती सूट दिली तरी योगायोगापेक्षा सैल केबल कितीतरी अधिक संभवते.

यातून तपासाचा पहिला प्रश्न निघतो: बिघाड डिस्कसोबत फिरतो, की जागेला चिकटून बसतो? पुढचं सगळं याच प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आहे.

४. डिस्कची स्वतःची डायरी वाचा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या सोयीचं नाव ‘स्मार्ट’. स्मार्टसीटीएल किंवा घरच्या स्टोरेज-पेटीचं सेटिंगचं पान ती दाखवतं. यादी लांबलचक असते, पण आपल्याला तीनच गटांकडे बघायचं आहे.

पहिला गट डिस्कच्या पृष्ठभागाचा. क्रमांक ५ सांगतो, की किती खराब तुकडे बाजूला काढून राखीव तुकडे वापरात घेतले. क्रमांक १९७ म्हणजे संशयास्पद, निकाल न लागलेले तुकडे. क्रमांक १९८ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे शून्य नसतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्क खरोखर आजारी आहे.

दुसरा गट वाटेचा. क्रमांक १९९ मोजतो, की डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती किती वेळा वाटेतच बिघडली. पहिला गट शून्यावर आणि हा आकडा वाढता, म्हणजे केबल किंवा तिचा खाचा. हा आकडा कधी कमी होत नाही. म्हणून किती आहे याला महत्त्व नाही, केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का, याला आहे.

तिसरा गट विजेचा, आणि याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. क्रमांक १२ म्हणजे डिस्कला वीज किती वेळा नव्याने मिळाली. क्रमांक १९२ म्हणजे अचानक वीज गेल्याने वाचक-टोकाला घाईघाईने किती वेळा माघारी पळावं लागलं.

समजा, तिसऱ्या खणातली डिस्क सारखी बाहेर पडते. नवी डिस्क बसवून तीन आठवडे झाले आणि या काळात संगणक फक्त दोनदा बंद केला. तिची डायरी म्हणते: क्रमांक ५ शून्य, १९७ शून्य, १९९ शून्य, पण क्रमांक १२ आहे १९ आणि १९२ आहे १६. संगणक दोनदा बंद झाला आणि डिस्कला वीज मात्र एकोणीस वेळा नव्याने मिळाली. डिस्क निरोगी आहे, तिची वीज मध्येच तुटते आहे. आणखी दहा डिस्क बदलल्या, तरी इथे फरक पडणार नाही.

एक सावधगिरीही हवी. गुगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता. म्हणजे डायरीत वाईट नोंद असेल तर विश्वास ठेवावा. नोंद स्वच्छ असेल तर निर्धास्त होऊ नये.

५. संशयितांची यादी

*केबल.* सर्वांत स्वस्त, म्हणून पहिली. साटा केबलचा साधा कनेक्टर सुमारे ५० वेळा काढ-घाल करण्यासाठीच बनवलेला असतो. काटकोनात दुमडलेली, बाकीच्या केबलींबरोबर घट्ट आवळून बांधलेली किंवा खटका नसलेली केबल आधी बदलावी. लिनक्सच्या लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ ही ओळ वारंवार दिसली, आणि दुव्याचा वेग ६ गिगाबिटवरून ३ आणि मग १.५ वर उतरला, तर आधी केबलकडे बघावं. डिस्क यूएसबीच्या पेटीत असतील, तर त्या पेटीतली यूएसबी-साटा जोडणीची चिपही संशयितांत धरा.

*वीज.* ३.५ इंची डिस्क चालू असताना साधारण ५ ते ८ वॉट घेते. पण थांबलेली चकती फिरवायला घेताना काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॉट ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या, तर ९६ वॉट. जुना झालेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किंवा पेटीचा अ‍ॅडॉप्टर रोजचे तीस वॉट आरामात देतो आणि नेमका या क्षणी दमतो. म्हणून ‘डिस्क झोपेतून उठताना’ किंवा ‘संगणक चालू करताना’ बिघाड होत असेल, तर वीज तपासा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ इतकी सूट मान्य आहे. मल्टिमीटरने ते मोजता येतं, पण क्षणभराची घसरण मल्टिमीटर दाखवत नाही. त्यामुळे मापन ठीक आलं, तरी दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा.

एका तारेचे चार फाटे करणारे स्प्लिटर या प्रकरणातले अट्टल गुन्हेगार आहेत. विशेषतः जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा काढणारे, प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त स्प्लिटर आतल्या आत शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळट किंवा वितळल्यासारखं दिसलं, तर ते त्याच क्षणी काढून टाका.

लाइट जाते तिथे आणखी एक बाब असते. घरातल्या साध्या इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तो पंखा-दिव्याला जाणवत नाही. संगणकाचा एसएमपीएस मात्र सेकंदाच्या साधारण साठाव्या भागापुरताच तग धरतो. इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ मोड असेल तर तो लावा, नाहीतर संचासाठी छोटा वेगळा यूपीएस घ्या. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

*उष्णता आणि दमट हवा.* बहुतेक डिस्कांची कागदोपत्री कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोली ४० अंशांवर गेली, तर पंखा नसलेल्या खणातली डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. गुगलच्या त्याच अभ्यासात मध्यम तापमानाचा बिघाडाशी अपेक्षेइतका संबंध आढळला नव्हता. फार जास्त तापमानात, आणि त्यातही तीन-चार वर्षं जुन्या डिस्कांत, तो दिसला होता. म्हणून डिस्क थंडगार ठेवण्याचा अट्टहास नको, पंखा फिरतो आहे एवढं पाहा. डिस्कांपेक्षा त्या ज्याला जोडलेल्या असतात ते कार्डच तापून सगळ्या डिस्क एकदम गायब होणं, हाही नेहमीचा प्रकार आहे.

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात उष्णतेपेक्षा दमटपणाकडे लक्ष द्यावं. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांवर आधारित २०१६ च्या एका अभ्यासात दमट हवेत डिस्कांच्या जोडणीचे आणि कंट्रोलरचे बिघाड लक्षणीय वाढलेले आढळले. खारं वारं येणाऱ्या खिडकीशेजारी संच ठेवला असेल, तर कनेक्टरच्या पिना हिरवट-काळपट झाल्या आहेत का, ते टॉर्च लावून पाहा.

*कंपन.* २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कांच्या रॅकजवळ तोंड नेऊन जोरात ओरडले. उत्तर द्यायला डिस्कांना लागणारा वेळ त्याच क्षणी पडद्यावरच्या आलेखात उसळलेला दिसला. घरी कुणी डिस्कवर ओरडत नाही, पण पत्र्याच्या हलक्या कॅबिनेटमध्ये एक-दोन स्क्रूवर लटकणारी डिस्क शेजारच्या तिघींचा थरथराट दिवसभर सोसते. चारही स्क्रू बसवा, आणि संच वॉशिंग मशिनच्या भिंतीला टेकवू नका.

*डिस्कचा प्रकार आणि आतला प्रोग्राम.* काही डिस्कांत जागा वाचवण्यासाठी शेजारचे लेखनपट्टे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. वाचताना फरक पडत नाही, पण सलग मोठं लेखन, म्हणजे नेमकी पुनर्बांधणी, सुरू झाली की त्या अतिशय मंदावतात, वेळेत उत्तर देत नाहीत आणि बाहेर फेकल्या जातात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या घरगुती संचांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red, म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं उघड झालं आणि ग्राहकांनी मोठा गदारोळ केला. तेव्हापासून कंपन्या कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची, याच्या याद्या देतात. विकत घेण्याआधी मॉडेल क्रमांक त्या यादीत बघावा; रेडसाठी ‘सीएमआर’ लिहिलेली, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्क घ्यावी.

डिस्कच्या आतल्या प्रोग्राममध्येही चूक असू शकते. २०१९ मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केलं, की तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. तास मोजणाऱ्या आकड्याची मर्यादा तिथे संपत होती. एकाच दिवशी लावलेल्या साऱ्या डिस्क एकाच वेळी जाणार, तिथे रेड काय करणार? म्हणून आपल्या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे हा आतला प्रोग्राम, आलं आहे का, हे वर्षातून एकदा पाहावं.

६. अदलाबदलीची कसोटी

आता तपास. आधी दोन पथ्यं. संचावरच्या महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि संचातली एक डिस्क आधीच बाहेर असेल, तर पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत निरोगी डिस्कांना धक्का लावायचा नाही.

मग संगणक बंद करा, प्लग काढा आणि प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक व सिरियल क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहून चिकटवा. बाहेर काढायची एक आणि काढली दुसरीच, या घोटाळ्याने जितके संच बुडाले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बुडाले असतील. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड आणि झेडएफएस ही फाइल साठवण्याची प्रणाली डिस्कांना त्यांच्यावरच्या खुणेने ओळखतात, त्यामुळे जागा बदलली तरी चालते. हार्डवेअर रेड कार्ड असेल, तर ते जागेबाबत काटेकोर आहे का, हे माहितीपुस्तिकेत आधी बघा.

आता एका वेळी एकच गोष्ट बदला. तिसऱ्या खणाची डेटा केबल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. मग संपूर्ण संचाची तपासणी चालवा. झेडएफएसमध्ये तिला ‘स्क्रब’ म्हणतात. सर्व डिस्क तासन्‌तास कामाला लागतात, त्यामुळे लपलेला दोष लवकर वर येतो. बिघाड दुसऱ्या खणात गेला, तर केबल दोषी. तिसऱ्यातच राहिला, तर विजेची तार बदला. तरीही तिथेच, तर मदरबोर्डवरचं पोर्ट. शेवटी डिस्कची जागा बदला. बिघाड तिच्यामागे गेला, तर ती खरंच गेली.

दोन पायऱ्यांमध्ये घाई करू नका. बिघाड सरासरी दहा दिवसांनी येत असेल, तर किमान वीस दिवस शांत गेल्याशिवाय ‘सापडलं’ म्हणू नका. आणि सगळं एकदम बदलून संच चालू झाला, तर आनंद होईल, पण दोषी कोण होतं हे कळणार नाही.

७. पुनर्बांधणी हाच सर्वांत नाजूक काळ

अनेक घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात दहाच्या चौदाव्या घाताइतके (१०^१४) बिट वाचल्यावर जास्तीत जास्त एक वाचन-चूक, असं लिहिलेलं असतं. हे होतात १२.५ टेराबाइट. चार टेराबाइटच्या चार डिस्कांच्या ‘रेड ५’मध्ये एक गेली, की पुनर्बांधणीसाठी उरलेल्या तीन डिस्कांवरचे १२ टेराबाइट वाचावे लागतात. कागदी मर्यादेनुसार एक चूक व्हायला तेवढं जवळजवळ पुरेसं आहे. प्रत्यक्षात डिस्क याहून बरीच चांगली वागतात, पण त्या वेळी हाताशी ताळा उरलेला नसतो, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून दर महिन्याला संपूर्ण संचाची तपासणी आपोआप होईल अशी सोय करावी. खराब तुकडे ताळा शाबूत असतानाच सापडतात आणि तेव्हाच दुरुस्त होतात. मोठ्या डिस्क असतील, तर ‘रेड ६’चा विचार करावा.

८. डिस्क खरंच कधी बदलायची?

क्रमांक ५, १९७ किंवा १९८ वाढत असेल, डिस्कची स्वतःची लांब चाचणी अर्धवट थांबत असेल, टकटक आवाज येत असेल किंवा बिघाड दुसऱ्या खणात तिच्यासोबत जात असेल, तर वाट पाहू नका. गुगलच्या अभ्यासात पृष्ठभागाची पहिली चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट झाली होती. वॉरंटीत द्यायची असेल, तर स्मार्टची नोंद आधी छापून ठेवा. यातलं एकही लक्षण नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या आणि दीडशे-दोनशे रुपयांची केबल आणा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. चुकून पुसलेल्या फाइलपासून, व्हायरसपासून, चोरीपासून किंवा चारही डिस्क जाळणाऱ्या एसएमपीएसपासून नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तुम्ही पुण्यात असाल, तर नाशिकच्या भावाकडे ठेवलेली एक डिस्कसुद्धा चालेल. फक्त वर्षातून दोनदा ती लावून त्यावरच्या चार फाइल खरंच उघडतात का, ते बघा. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, ती मोजणीत धरू नका.